एसटीने रामटेक: गर्दी टाळून पायी गड चढण्याचा एक दिवस

रामटेकचा गड नागपूरकरांना नवा नाही. शाळेची सहल, घरातला नवस, खिंडसी तलावाला जाऊन परतताना सहज घेतलेले दर्शन, अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने आपण प्रत्येक जण तेथे एकदा तरी जाऊन आलेलो असतो. मात्र यातली बहुतेक भेट ठरावीक असते: गाडी थेट वरच्या वाहनतळापर्यंत न्यायची, दुकानांच्या रांगेतून दरवाजा गाठायचा, दर्शन घ्यायचे आणि तासाभरात खाली उतरायचे. सुटीच्या दिवशी तर वर पोहोचेपर्यंत निम्मा वेळ गाडी उभी करायला जागा शोधण्यातच जातो. याच टेकडीवर पायऱ्यांनी चढून, सकाळच्या शांततेत दोन-तीन तास फिरता येते आणि त्यासाठी स्वतःचे वाहन मुळीच लागत नाही, हे मी गेली अनेक वर्षे अनुभवतो आहे. स्वतःची गाडी नसणे येथे सोयीचेच ठरते, कारण गाडी ठेवली तेथेच परत येण्याचे बंधन राहत नाही. एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येते.

पुढे सांगितलेला बेत थोडक्यात असा आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटेच्या एसटीने रामटेकला जावे, टेकडीच्या कुशीतल्या अंबाळा तलावापासून जुन्या पायऱ्यांनी चढावे, नरसिंहाची प्राचीन मंदिरे आणि गडमंदिर, म्हणजे माथ्यावरचे राम-लक्ष्मणाचे देवस्थान, पाहून गावाच्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरावे आणि दुपारी तीनच्या आत परतीच्या गाडीत बसावे. टेकडी फार उंच नाही. दम टिकवून चढणाऱ्या कोणालाही, अगदी शाळकरी मुलांना आणि साठी ओलांडलेल्यांनाही, हा बेत झेपण्यासारखा आहे. फक्त गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी पायऱ्यांचा विचार आधी करावा.

दिवस कोणता निवडावा

शांतता हवी असेल तर सर्वांत महत्त्वाचा निर्णय घरी बसूनच घ्यायचा असतो आणि तो म्हणजे दिवसाचा. शनिवार आणि रविवार टाळावेत. चैत्रातली रामनवमी आणि कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा या दोन दिवशी रामटेकला मोठी गर्दी लोटते, आणि पौर्णिमेच्या आधीची वैकुंठ चतुर्दशीही तितकीच गजबजलेली असते. ज्यांना यात्राच पाहायची आहे त्यांनी त्या दिवशी अवश्य जावे, कारण ती यात्रा हा विदर्भाचा ठेवा आहे. पण निवांत चढाईसाठी ते दिवस योग्य नव्हेत. नाताळ ते नववर्ष हा आठवडा, दिवाळीच्या सुट्या आणि सलग जोडून आलेल्या सुट्याही वगळाव्यात. मंगळवार ते गुरुवार यांपैकी एक दिवस माझ्या अनुभवात सर्वांत शांत असतो.

ऋतूंचे म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निर्धास्त आहे. नागपूरच्या थंडीत पहाटे स्वेटर लागतो, नऊ वाजेपर्यंत तो पिशवीत जातो, आणि दुपारीही चालणे सुखाचे होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून वाटेत पळस फुललेले दिसतात. पण मार्च संपला की ऊन झपाट्याने चढते, आणि मे महिन्यात तर आपल्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत दगडी पायऱ्या आणि कातळ दहाच्या सुमारासच तापू लागतात. एका वर्षी जूनच्या सुरुवातीला, ढग आले आहेत एवढ्या भरवशावर मी साडेदहाला चढायला लागलो. ढग तासाभरात विरले आणि उरलेली चढाई मला सावली शोधत, बसत-उठत करावी लागली. तेव्हापासून पहिला चांगला पाऊस झाल्याशिवाय मी उन्हाळ्यात ही वाट धरत नाही.

पावसाळ्यातील रामटेक मात्र वेगळेच असते. जुलै आणि ऑगस्टमध्ये टेकडी पूर्ण हिरवी होते, पायथ्याच्या धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि वरून पाहिले की दूरवर तळीच तळी चमकतात. कालिदासाच्या ‘मेघदूत’ काव्यातला रामगिरी तो हाच, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. आषाढात टेकडीच्या माथ्यावर ढग उतरलेला ज्याने पाहिला, त्याला हे मत पटायला फारसे पुरावे लागत नाहीत. फक्त पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून घट्ट पकडीचे जोडे घालावेत, काठी जवळ ठेवावी आणि पायवाट सोडून गवतात शिरू नये, कारण त्या दिवसांत साप बाहेर असतात.

नागपूरहून रामटेक

रामटेक नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून रामटेकच्या एसटी गाड्या सुटतात. कामठी, कन्हान, मनसर अशी वाट धरत त्या साधारण दीड तासात पोहोचतात. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर पहिल्या दोन गाड्यांची वेळ विचारून ठेवावी आणि त्याच वेळी रामटेकहून नागपूरकडे येणाऱ्या दुपारच्या गाड्याही लिहून घ्याव्यात. मेट्रोने यायचे असेल तर कॉटन मार्केट किंवा सीताबर्डी स्थानकावर उतरून बसस्थानक गाठता येते. मात्र पहाटेच्या पहिल्या गाडीसाठी मेट्रोची सुरुवातीची फेरी वेळेत मिळते का, ते आधी पाहावे, नाहीतर घरून ऑटो करणेच बरे.

पहिली गाडी पकडण्याचा आग्रह दोन कारणांसाठी आहे. एक तर आपण गर्दीच्या आधी वर असतो. दुसरे म्हणजे, नागपूरहून रामटेकला रोज अप-डाउन करणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि सरकारी नोकर यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या वेळेच्या गाडीत उभे राहून जावे लागण्याची शक्यता असते. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास तीच मंडळी परत निघतात, म्हणून परतीसाठीही ती वेळ टाळावी.

थेट रामटेकची गाडी चुकली तरी दिवस वाया जात नाही. देवलापार किंवा शिवनीकडे जाणारी जी गाडी मनसरला थांबते ती धरावी, मनसरला उतरावे आणि तेथून काळी-पिवळीने किंवा ऑटोने उरलेले अंतर कापावे. मनसर हे केवळ फाट्याचे गाव नाही. तेथे मँगनीजची खाण आहे, आणि गावाजवळच्या हिडिंबा टेकडीच्या उत्खननात वाकाटक राजघराण्याच्या काळातले मोठे बांधकाम उघडे झाले आहे. या प्रदेशाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा; एकाच दिवशी दोन्ही टेकड्या करण्याच्या नादात दोन्ही धड पाहून होत नाहीत.

रेल्वेचा पर्यायही आहे. इतवारी स्थानकावरून कामठी आणि कन्हानमार्गे रामटेकपर्यंत प्रवासी गाडी धावते आणि हा फाटा रामटेकलाच संपतो. फेऱ्या मोजक्या असल्यामुळे आपला दिवस त्या वेळापत्रकात बसतो की नाही, हे तपासूनच तिचा विचार करावा. मला स्वतःला जाताना एसटी आणि वेळ जुळली तर येताना रेल्वे, असा क्रम आवडतो.

तिकिटाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. राज्य परिवहनाच्या गाड्यांत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटालाही निम्मी सवलत आहे. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचा प्रवासखर्च यामुळे इतका कमी होतो की गाडी भाड्याने करण्याचे कारणच उरत नाही.

अंबाळ्याकडून चढाई

रामटेकला उतरल्यावर आधी पोटाची सोय पाहावी. बसस्थानकाच्या परिसरात सकाळी पोहे आणि चहा मिळतो; वर मिळेल या भरवशावर उपाशी चढू नये, कारण इतक्या सकाळी वरची दुकाने उघडलेली नसतात. दोन लिटर पाणी प्रत्येकाने आपापल्या पाठीवर घ्यावे. खाण्याचे पदार्थ पिशवीच्या आत, बंद डब्यात ठेवावेत. हातात लोंबकळणारी प्लास्टिकची पिशवी म्हणजे वानरांना आमंत्रणच. गडावर त्यांचा मोठा वावर आहे आणि पिशवीच्या आवाजावरून ती खाऊ ओळखतात. त्यांना काही देऊ नये, दात दाखवून हसू नये, आणि एखादे जवळ आलेच तर धावत न सुटता शांतपणे बाजूला व्हावे.

बसस्थानकावरून अंबाळ्याला ऑटोने जाता येते. पायी जायचे असल्यास पाऊण तास हाताशी ठेवावा, आणि वाट विचारताना ‘गडाची वाट’ असे न विचारता ‘अंबाळा तलाव’ असेच विचारावे, नाहीतर माणसे आपल्याला जवळच्या म्हणून गावाकडच्या पायऱ्यांवर किंवा गाडीरस्त्यावर नेऊन सोडतात.

अंबाळा हा टेकडीच्या दोन बाहूंनी वेढलेला तलाव आहे. काठाने घाट आणि लहान-मोठी मंदिरे आहेत. अंब नावाच्या राजाचे कुष्ठ या पाण्यात स्नान केल्याने गेले आणि त्याच्यावरून तलावाला हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. येथे अस्थिविसर्जन आणि पिंडदानाचे विधी होतात. सकाळी एखादे कुटुंब घाटावर बसलेले दिसले तर त्यांच्या दुःखात आपण पाहुणे आहोत हे ध्यानात ठेवून कॅमेरा बंद ठेवावा, आवाज खाली आणावा आणि बाजूने निघून जावे. पाण्यावर ऊन पसरण्याआधीचा अर्धा तास या काठावर अतिशय सुंदर असतो, आणि मी चढाई सुरू करण्याची घाई सहसा करत नाही.

तलावापासून वर जाणाऱ्या पायऱ्या जुन्या आहेत आणि यात्रेकरूंच्या पावलांनी झिजलेल्या आहेत. महानुभाव परंपरेनुसार, गुजरातेत राजपुत्र म्हणून वाढलेले चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेसाठी म्हणूनच घराबाहेर पडले आणि वाटेत ऋद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटले. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीसुद्धा दूरदूरची माणसे रामटेकच्या यात्रेला निघत होती. टेकडीवरील भोगरामाचे प्राचीन मंदिर आजही महानुभावांचे श्रद्धास्थान आहे. या वाटेने चढताना हे आठवले की पायऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

चढताना एकच नियम पाळावा: सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगाने चढावे. बोलताना धाप लागली तर थांबावे. झाडीतून मागे पाहिले की तलाव हळूहळू खाली जाताना दिसतो, आणि ते पाहण्यासाठी थांबण्यात कमीपणा नाही. पायऱ्यांची उंची सर्वत्र सारखी नाही, म्हणून मोबाइलवर बोलत चढणे धोक्याचे आहे. सावकाश चढूनही अर्ध्या-पाऊण तासात माथा गाठता येतो.

माथ्यावर

पायऱ्या संपल्या की बहुतेक जण सरळ गडमंदिराकडे वळतात. मी उलट करायला सांगेन. आधी नरसिंहाची दोन मंदिरे शोधावीत: केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. बाहेरून ती साधी, बुटकी, चौकोनी दिसतात, त्यामुळे पुष्कळ जण त्यांच्यासमोरून न थांबता निघून जातात. आत मात्र गाभारा व्यापून बसलेली भव्य मूर्ती आहे. ही मंदिरे वाकाटक काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची, अर्थात महाराष्ट्रात बांधून काढलेल्या सर्वांत जुन्या दगडी मंदिरांपैकी आहेत. १९८० च्या दशकात केवल नरसिंह मंदिराच्या दुरुस्तीच्या वेळी भिंतीवरील गिलाव्याखाली ब्राह्मी लिपीतला शिलालेख सापडला आणि तो वाकाटकांच्या राजघराण्याशी जोडला गेला. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिने पती रुद्रसेनाच्या निधनानंतर राज्यकारभार पाहिला. तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट ‘रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून’, म्हणजे रामगिरीच्या देवाच्या पायाशी, दिलेला आहे. तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे येथून जवळचेच आजचे नगरधन. म्हणजे आपल्या पायाखालची ही टेकडी सोळाशे वर्षांपूर्वी एका राणीच्या भक्तीचे ठिकाण होती. मंदिरात कॉलेजातली मुले नावे कोरताना दिसली तर त्यांना हे एवढे जरूर सांगावे. रागावून सांगितल्यापेक्षा गोष्ट सांगितल्याचा परिणाम अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

येथून कालिदास स्मारक आणि जवळच उघड्यावर उभी असलेली त्रिविक्रमाची भग्न मूर्ती पाहता येते. त्रिविक्रमाच्या मंदिराचा आता केवळ काही भाग शिल्लक आहे, तरी तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या विष्णूच्या देहातला जोर तुटक्या दगडातूनही जाणवतो. त्यानंतर वराहाकडे यावे. खांबांच्या उघड्या मंडपात एकसंध दगडातला भला मोठा वराह उभा आहे. त्याच्या पोटाखालून पापी माणसाला पलीकडे जाता येत नाही, अशी समजूत असल्यामुळे सुटीच्या दिवशी येथे रांग लागते. सकाळी आठ-नऊला मात्र बहुधा कोणी नसते आणि मूर्तीचे अंग जवळून, सर्व बाजूंनी निवांत न्याहाळता येते.

वराहानंतर कोटाचे दरवाजे लागतात. सिंहपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि गोकुळ दरवाजा ओलांडून आत गेले की आधी लक्ष्मणाचे आणि मग रामाचे मंदिर येते. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातला शिलालेख आहे, आणि अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी या देवस्थानाला नवे वैभव दिले. म्हणजे वाकाटक, यादव आणि भोसले अशा तीन राजवटींच्या खुणा अर्ध्या तासाच्या चालण्यात भेटतात. मंदिरात पादत्राणे काढावी लागतात, म्हणून पिशवीत एक जोडी जाड पायमोजे ठेवावेत. फेब्रुवारीनंतर दुपारच्या फरशा पोळतात आणि लहान मुले तर रडकुंडीला येतात.

दर्शन झाले की तटाच्या कडेला सावली शोधून अर्धा तास बसावे. एका बाजूला खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय, दुसऱ्या बाजूला गावाची कौले आणि गच्च्या, मधे धानाची शेते दिसतात. तटावर चढून किंवा कडेवर पाय सोडून छायाचित्रे काढू नयेत. दगड सुटे आहेत. डबा येथेच उघडावा, पण वानरांवर नजर ठेवून, आणि उरलेले खरकटे, संत्र्याची सालेसुद्धा, पिशवीत भरून खाली आणावे. साल कुजून जाते हे खरे, पण त्या वासाने वानरे माणसांच्या बसण्याच्या जागी येण्याची सवय लावून घेतात.

उतरणे आणि परत येणे

साडेअकरा-बाराच्या सुमारास वाहनतळाकडून माणसे वाढू लागतात. ती आपली उतरण्याची वेळ समजावी. उतरताना अंबाळ्याची वाट न धरता गावाकडच्या पायऱ्या घ्याव्यात, म्हणजे गावात पोहोचता येते आणि ऑटोचाही खर्च वाचतो. या पायऱ्या काही ठिकाणी उभ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिरके, एका वेळी एक पायरी असे उतरावे, आणि पावसाळ्यात कडेला हात धरून चालावे. एकटी स्त्री किंवा एकटा वृद्ध असेल तर उतरणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या पाठोपाठ उतरणे चांगले. अंधार पडल्यावर यांपैकी कोणत्याही पायवाटेने जाऊ नये.

पायात बळ उरले असेल तर रामटेकमधले शांतिनाथाचे जैन मंदिर ऑटोने जाऊन पाहावे. तेथील परिसर स्वच्छ आणि शांत आहे. नगरधनचा किल्ला मात्र या दिवसात बसवू नये. बाजारात विड्याची पाने आणि पावसाळा सरल्यावर तळ्यांतले ताजे शिंगाडे मिळतात. रामटेकची पाने पूर्वीपासून नावाजलेली आहेत. ती ओल्या कापडात गुंडाळून घेतली तर नागपूरपर्यंत टवटवीत राहतात. शिंगाडे हिरवे आणि कडक पाहून घ्यावेत.

बसस्थानकावर दोन-अडीचपर्यंत पोहोचले की आदल्या दिवशी लिहून घेतलेल्या वेळा कामी येतात. गाडी रद्द झाली किंवा फार उशीर होणार असे कळले, तर वाट पाहत न बसता मनसरला यावे. महामार्गावर नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या तेथे अधिक मिळतात. सकाळी जाताना आणि दुपारी येताना, दोन्ही वेळा चालकाच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे डावीकडची खिडकी धरावी. सकाळचे ऊन उजवीकडून येते, आणि परतीच्या वाटेवर कलते ऊनही त्याच बाजूला असते.